आमच्या ओढ्यात सॅमन नक्की किती येतात? एकाच वर्षाचे तीन वेगवेगळे आकडे मिळाले

पाणवाटा

नमस्कार मंडळी,

वॉशिंग्टन राज्यात रेडमंडजवळ राहते. बेअर क्रीकला मिळणारा एक छोटा ओढा आमच्या घरामागून जातो. चार वर्षं झाली, ऑक्टोबर ते डिसेंबर दर रविवारी सकाळी मी त्याच्या काठाने अर्धा मैल चालते आणि दिसेल ते वहीत लिहिते. गेल्या नोव्हेंबरात पहिला मोठा पाऊस पडून गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी रस्त्याखालच्या मोरीच्या जरा पुढे एक कोहो (सॅमनची एक जात) मादी मेलेली दिसली. शेपटीची कड अगदी शाबूत होती, म्हणजे अंडी घालायला तिने अजून शेपटीने खडी उकरलीच नव्हती. रॅकूनने एका बाजूने पोट फाडलं होतं आणि आत गाभोळी जशीच्या तशी, नारिंगी, गच्च भरलेली. समुद्रातून इथवर आली आणि अंडी न घालताच गेली. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

पुढच्या महिन्यात शहराच्या बैठकीत हे सांगितलं. त्यावर प्रश्न आला, "पण एकूण मासे वाढताहेत की कमी होताहेत? बातम्यांत तर यंदा भरपूर आलेत असं होतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून शोधते आहे. आमच्या भागासाठी एकाच वर्षाचे तीन आकडे मिळाले: एक समुद्राच्या वाटेवरच्या बॅलार्ड लॉक्सचा (बोटींसाठीची पाण्याची दारं), एक इसाक्वाच्या हॅचरीचा (माशांची पिल्लं वाढवून सोडतात ते केंद्र) आणि एक राज्याच्या तक्त्यातला. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, काही तर कित्येक पटींनी वेगळे. यातला खरा कोणता? आणि नुसते मासेच नाहीत, ओढ्याच्या पाण्याची तब्येत कशी आहे हे कुठे बघायचं? एक्सेल बऱ्यापैकी येतं, माशांचं शिक्षण काही नाही.

गमबूट

पाणवाटाताई, तीनही आकडे खरे असू शकतात. ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मी या भागातल्या ओढ्यांवर अकरा हंगाम विणीच्या मोजणीचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॉक्सचा आकडा म्हणजे दारातून किती आत आले. राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं आणि इथली मूळनिवासी मकलशूट जमात मिळून तिथल्या मत्स्यशिडीवर मोजतात. त्यात सीडर नदीचे, इसाक्वाचे, बेअर क्रीकचे, हॅचरीचे, सगळे एकत्र. शिवाय दारातून आत आलेला प्रत्येक मासा विणीच्या जागी पोचत नाही. उन्हाळ्यात लॉक्सपासून आत जाणाऱ्या शिप कॅनॉलचं पाणी २० अंश सेल्सियसच्या वर जातं. लॉक्सवर मोजलेले सॉकाय (सॅमनचीच एक जात) आणि पुढे सीडरमध्ये प्रत्यक्ष दिसलेले सॉकाय यात मोठी तफावत पडते ती याच वाटेवर.

हॅचरीचा आकडा म्हणजे हॅचरीच्या बांधाशी किती आले. तो ठरतो काही वर्षांपूर्वी किती पिल्लं सोडली आणि समुद्रात ती किती जगली यावर. "यंदा भरपूर आले" ही बातमी बहुतेक वेळा याच आकड्याची असते. तुमच्या ओढ्याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

तिसरा म्हणजे एस्केपमेंट. जाळ्यातून, गळातून निसटून विणीच्या जागेवर पोचलेले मासे. तुम्हाला हवा आहे तो हा. पण हाही कुणी एकेक मासा मोजून काढलेला नसतो, तो अंदाज असतो, आणि अंदाज कसा बांधला हे कळल्याशिवाय तो कुणापुढे मांडू नका.

आपल्याकडे चिनूक जातीच्या सॅमनसाठी रेड मोजतात. रेड म्हणजे मादीने आडवं पडून शेपटीने खडी उकरून केलेला खळगा. ओळखायचा कसा सांगतो. ओढ्याचा तळ एरवी शेवाळाने तपकिरी असतो. त्यात एक लांबट गोल डाग धुतल्यासारखा उजळ दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला खोलगट खड्डा, खालच्या अंगाला उकरलेल्या गोट्यांचा उंचवटा. अंडी त्या उंचवट्याखाली असतात, खड्ड्यात नाही, म्हणून तिथे पाय द्यायचा नाही. आम्ही ध्रुवीकरण करणारा चष्मा लावून प्रवाहाच्या दिशेने चालायचो आणि नवा रेड दिसला की काठच्या फांदीला तारीख लिहिलेली रंगीत फीत बांधायचो, पुढच्या फेरीत तोच पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून. मेलेला मासा मोजून झाला की त्याची शेपटी कापायची, तीही त्याचसाठी. दर आठवडा-दहा दिवसांनी एक फेरी. हंगामाच्या शेवटी एकूण रेड गुणिले अडीच, म्हणजे एक मादी आणि सरासरी दीड नर, हा प्युजेट साउंडमध्ये नेहमी वापरला जाणारा हिशोब.

कोहोंचं वेगळं. ते पावसाबरोबर येतात, पाणी गढूळ असतं, आणि लहान लहान ओढ्यांत पांगतात. तिथे बहुधा प्रत्येक फेरीला दिसलेले जिवंत मासे मांडून वक्र काढतात, त्याखालचं क्षेत्रफळ घेतात आणि एक मासा विणीच्या जागेवर साधारण जितके दिवस जगतो त्याने भागतात. कोहोसाठी हे दहा-बारा दिवस धरतात. आता विचार करा, ऐन भरात दोन आठवडे पूर आला आणि पाण्यात उतरताच आलं नाही, तर तो वक्र कसा निघेल?

यावरून माझ्या मनात वर्षानुवर्षं सलत असलेली एक गोष्ट सांगतो. एका हंगामात आमच्या वाट्याच्या एका उपओढ्यावर पुरामुळे तीन फेऱ्या झाल्याच नाहीत. मी रकाने कोरे ठेवले आणि शेऱ्यात कारण लिहिलं. दोन वर्षांनी एका अहवालात पाहतो तर त्या तीन तारखांपुढे शून्य. कुणीतरी फाइल साफ करताना कोऱ्या जागी शून्य भरलं होतं. त्या शून्यांवर आलेख निघाला होता आणि त्या ओढ्यात कोहो "घटले" होते. कोरा रकाना म्हणजे कुणी पाहिलं नाही. शून्य म्हणजे कुणीतरी गमबूट घालून, पावसात चालून, नीट पाहिलं आणि मासा नव्हता. कुठलाही तक्ता उतरवला की आधी हे बघा.

आता जागा. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचं "स्कोअर" नावाचं पान आहे, तिथे प्रत्येक समूहाची वर्षवार माहिती मिळते. एक्सेलसाठी मात्र राज्याच्या खुल्या डेटा पोर्टलवर जा आणि "सॅमनिड पॉप्युलेशन इंडिकेटर्स" शोधा, कच्च्या ओळी तिथे आहेत. मोजणीच्या पद्धतीचा रकाना उडवू नका, मधल्या एखाद्या वर्षी पद्धत बदललेली असते आणि आलेखातली ती उडी माशांची नसते. तुमच्या भागातले चिनूक "सॅमॅमिश" या नावाखाली सापडतील. लेक वॉशिंग्टन खोऱ्यात चिनूकचे दोन समूह धरतात, सीडर आणि सॅमॅमिश. प्युजेट साउंडचे चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली "धोक्यात" या वर्गात आहेत, म्हणून त्यांची नोंद कोहोंपेक्षा कितीतरी बरी मिळते.

बेअर क्रीकवर वसंतात खाली समुद्राकडे निघालेल्या पिल्लांसाठी फिरता सापळाही लावतात, त्याचे वार्षिक अहवाल शोधा. मला हे आकडे मोठ्या माशांच्या आकड्यांपेक्षा जवळचे वाटतात. मोठे मासे किती परततील हे अर्धंअधिक समुद्र ठरवतो. किती पिल्लं जगून बाहेर पडली हे मात्र ओढा ठरवतो.

मासे हॅचरीचे की ओढ्यातच जन्मलेले, हेही बघा. हॅचरीच्या बहुतेक पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. काहींच्या नाकाडात साधारण एक मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार असते, तिच्या नोंदी "आरएमआयएस" या प्रादेशिक कोठारात राहतात. इसाक्वाच्या हॅचरीचे भटके मासे बेअर क्रीकमध्येही चढतात. त्यांना वगळून काय उरतं, हा खरा प्रश्न आहे.

आणि एक. १९७४ च्या बोल्ट निकालानंतर (मूळनिवासी जमातींचा करारातला मासेमारीचा हक्क मान्य करणारा न्यायालयाचा निकाल) इथलं मत्स्यव्यवस्थापन राज्य आणि करारबद्ध जमाती यांचं संयुक्त आहे. त्यामुळे माहितीही दोघांकडे असते. पश्चिम वॉशिंग्टनच्या २० करारबद्ध जमातींचा मिळून नॉर्थवेस्ट इंडियन फिशरीज कमिशन आहे. त्यांचा पाणलोटांच्या स्थितीवरचा अहवाल जरूर वाचा. त्यात मासे, झाडोरा, मोऱ्या आणि वस्ती एकाच नकाशावर येतात. सरकारी तक्त्यांत हे सहसा होत नाही.

तुमच्या त्या कोहोबद्दल लिहायला बसलो तर आणखी लांबेल. "क्युसेक" इथे असतील तर त्यांनी लिहावं, पाण्याचं त्यांना जास्त कळतं.

क्युसेक

आहे इथेच. गमबूटरावांनी माशांचं इतकं नीट सांगितलं आहे की मी पाण्यापुरतंच लिहितो.

आधी पत्ता. राज्याने ६२ पाणलोट विभाग पाडले आहेत, तुमचा ८ वा, सीडर-सॅमॅमिश. प्रत्येक ओढ्याला एक क्रमांक असतो, तो याच आकड्याने सुरू होतो. नावावर शोधू नका, या राज्यात बेअर क्रीक नावाचे ओढे एकापेक्षा जास्त आहेत.

प्रवाहासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाची मापकं आहेत, बहुतेक दर १५ मिनिटांनी नोंद, घनफूट प्रति सेकंदात. म्हणजे आपले क्युसेकच. ताज्या आकड्यांवर "तात्पुरते" असा शिक्का असतो, तपासणीनंतर ते मंजूर होतात आणि कधी कधी बदलतातही. लहान ओढ्यांसाठी किंग काउंटीची स्वतःची मापकं आहेत, तिथे आधी बघा. सरासरी काढत बसू नका. पाऊस सुरू झाल्यावर पाणी किती वेळात चढतं आणि किती वेळात उतरतं ते पाहा. रान असलेल्या पाणलोटात ते सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. छपरं आणि डांबर वाढलं की तासाभरात उसळतं, आणि त्या लोंढ्यात रेडमधली अंडी खडीसकट वाहून जातात.

तापमानाला राज्याचा निकष आहे. सात दिवसांच्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी घ्यायची. सॅमनच्या मुख्य उन्हाळी अधिवासात ती १६ अंशांच्या वर जाता कामा नये, विणीसाठी, वाढीसाठी आणि प्रवासासाठीच्या पाण्यात १७.५. महिन्यातून एकदा सकाळी दहाला घेतलेला नमुना इथे उपयोगाचा नाही, कारण पाणी सर्वांत गरम असतं ते दुपार उलटल्यावर. सतत नोंद करणाऱ्या यंत्राचाच डेटा घ्या. तो पर्यावरण खात्याच्या "ईआयएम" या कोठारात मिळतो. वन विभागाचं "नॉरवेस्ट" ऑगस्टचं सरासरी तापमान नकाशावर दाखवतं, पण मापकं नसलेल्या ठिकाणी ते प्रारूपावरून काढलेलं आहे हे ध्यानात ठेवा.

मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी तळातल्या किड्यांचा निवडेन. तज्ज्ञ उन्हाळ्याच्या शेवटाकडे तळाची खडी ढवळून जाळीत किडे गोळा करतात आणि मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय किती प्रकारचे आहेत अशा गोष्टींवरून ओढ्याला १०० पैकी गुण देतात. या निर्देशांकाला बी-आयबीआय म्हणतात. ८० च्या वर उत्तम, २० च्या खाली अत्यंत वाईट. स्टोनफ्लायची अळी काही प्रजातींत दोन-तीन वर्षं त्याच गोट्याखाली काढते. म्हणजे ती तिथे असणं हीच दोन-तीन वर्षांची नोंद आहे. पाण्याची बाटली भरली तर त्या क्षणाचं कळतं. प्युजेट साउंडच्या सगळ्या संस्थांचे गुण "प्युजेट साउंड स्ट्रीम बेंथॉस" या एकाच ठिकाणी आहेत. जुन्या अहवालांत हेच गुण १० ते ५० च्या पट्टीवर होते, त्यांची नव्यांशी सरमिसळ करू नका.

आता ती मादी. पहिला मोठा पाऊस, मोरी, रस्ता, शाबूत शेपटी, भरलेली गाभोळी. तपासल्याशिवाय कुणी खात्री देऊ नये, पण ही खूण सगळे ओळखतात. सिअ‍ॅटलच्या लाँगफेलो क्रीकमध्ये असे कोहो वर्षानुवर्षं मरत होते आणि कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं: गाड्यांच्या टायरमध्ये रबर टिकावं म्हणून घालतात त्या सिक्स-पीपीडीपासून ओझोनच्या संपर्कात तयार होणारं क्विनोन हे विषारी रसायन. मरणारा कोहो पृष्ठभागावर तोंड उघडून गोल गोल फिरतो, पर पसरलेले, मग एका कुशीवर कलंडतो. काही तासांत खेळ संपतो. त्याच पाण्यात चम सॅमन जगतात. म्हणून "पाणी ठीक आहे, इतर मासे आहेत की" हे उत्तर कुणी दिलं तर मान्य करू नका. तेच पाणी माती-कंपोस्टच्या थरातून झिरपून आलं तर कोहो वाचतात, हेही प्रयोगात दिसलं आहे. बैठकीत मागायचं असेल तर हे मागा.

पोर्टलँडकर

मी कोलंबियाच्या बाजूचा, तुमच्या ओढ्याला थेट उपयोग नाही. तरी एक सुचवतो. चांगली, लांब मालिका कशी असते हे एकदा बघायचं असेल तर कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाचे आकडे उघडा. १९३८ पासून आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या "डार्ट"वर आणि इथल्या फिश पॅसेज सेंटरच्या पानावर रोजचे मिळतात, शेजारी दहा वर्षांची सरासरीही असते. शिडीच्या खिडकीशी माणसं बसून तासातली ५० मिनिटं मोजतात आणि मग ते पूर्ण तासाचं करतात. पद्धत लिहिलेली आहे, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

दोन गोष्टी जपा. लहान परतलेले नर, ज्यांना जॅक म्हणतात, वेगळ्या रकान्यात असतात, ते मोठ्यांत मिळवू नका. आणि एकूण बेरजेत शॅड येऊ देऊ नका. तो इथला मूळचा मासा नाही आणि लाखोंनी चढतो.

२०१५ चे सॉकाय काढून बघा. बॉनव्हिलवर भरघोस दिसतात. त्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की त्यातले निम्म्याच्या आसपास वरच्या खोऱ्यात पोचण्याआधीच मेले. फक्त बॉनव्हिलचा आकडा पाहणाऱ्याला ते वर्ष चांगलं वाटेल. गमबूटरावांचा "दार" हा शब्द मी आता सगळीकडे वापरणार आहे.

पाणवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे रोज रात्री तासभर बसले, काय मिळालं ते सांगते.

चिनूकची मालिका उतरवली. पद्धतीचा रकाना ठेवला आणि खरंच, एका ठिकाणची उडी पद्धत बदलल्याची निघाली. हॅचरीचे मासे वेगळे काढल्यावर आलेख इतका खाली आला की मी सूत्र दोनदा तपासलं. कोहोंसाठी माझ्या ओढ्याची एकही ओळ नाही. शून्यही नाही. तुमचं वाचलं नसतं तर मी "कोहो नाहीत" असं लिहून मोकळी झाले असते.

किड्यांचं सर्वांत जवळचं ठिकाण मोरीच्या वर आहे, तिथले गुण मध्यम. मोरीच्या खाली कुणीच मोजलेलं नाही. मत्स्य खात्याच्या अडथळ्यांच्या नकाशावर आमची मोरी सापडली, "अंशतः अडथळा" अशी नोंद आहे.

आता एकच विचारते. माझ्या चार वर्षांच्या वहीचा काही उपयोग आहे का? मी पाण्यात उतरत नाही, काठावरूनच बघते. आणि लाज वाटते सांगायला, पण मासा दिसला नाही त्या रविवारी मी काहीच लिहिलं नाही.

गमबूट

लाज वाटण्यासारखं काही नाही ताई, मोजणी शिकताना सगळ्यांचं पहिलं वर्ष असंच जातं. फोनमध्ये त्या रविवारी सकाळी काढलेला एखादा फोटो असेल, ओढ्याचा, पानांचा, कुठलाही, तर तुम्ही तिथे होता हे सिद्ध होतं. त्या तारखा शोधून काढा आणि त्यांच्यापुढे "गेले होते, दिसला नाही" असं लिहा. ज्या रविवारी गेलात की नाही हे आठवत नाही, ते कोरे ठेवा.

यंदापासून प्रत्येक फेरीला चार गोष्टी: सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, तळ दिसतो की पाणी गढूळ आहे, जिवंत किती, मेलेले किती. मेलेल्यांत मादी असेल तर शेपटीची कड झिजून पांढरी झाली आहे का, ते फोटोसकट. माशांना हात लावू नका, त्याला परवाना लागतो. पाण्यातही उतरू नका, काठावरची नोंदही पुरेशी आहे. अर्धा मैल दर वेळी तोच ठेवा. एखाद्या दिवशी पुढे जावंसं वाटलं तर जा, पण ते वेगळ्या ओळीत लिहा.

वही काउंटीच्या आणि मकलशूट जमातीच्या मत्स्य विभागाला, दोघांनाही पाठवा. ज्या ओढ्यावर कोहोंची एकही ओळ नाही तिथे चार वर्षांच्या तारखा आहेत म्हटल्यावर कुणीतरी फोन उचलेलच. आणि "क्युसेक", मोरीच्या खाली किड्यांचा नमुना घ्यायचा झाला तर ऑगस्टच्या शेवटी त्या भागात कोण जातं ते विचारून सांगाल का? परवानाधारक कुणी येणार असेल तर जाळी धरायला मी येतो.